आठवडाभर वापरून बघते

१

स्मरांदाची जुनी बॅग बाजाराच्या दिवशी, भर चौकात, कोबीच्या ढिगाशेजारी फाटली. आधी चेन गेली, मग शिवण उसवली आणि फ्लॅश, दोन लेन्स, बॅटऱ्या असा सगळा संसार फरशीवर आला. कोबीवाल्या बाईनं मोठी लेन्स उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "घे बाई, तुझी बरणी." बरणीला चरा गेला नव्हता हे नशीब. पण वाकून सगळं गोळा करताना उजव्या खांद्यातून अशी कळ आली की स्मरांदाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरांनी बजावलं होतंच: एका खांद्यावर ओझं घेणं बंद करा, नाहीतर दोन वर्षांनी हा हात वर जाणार नाही.

हात वर जाणार नाही म्हणजे कॅमेरा डोळ्याला लागणार नाही, आणि मग स्मरांदानं करायचं काय? ओल्त नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात जी सात गावं आहेत, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो काढणं हा तिचा धंदा. कशासाठी, हे तिकडे कुणी विचारत नाही. माणूस साठी ओलांडतो, आपली कबरीची जागा ठरवतो, दगडाचा क्रॉस करून घेतो, त्यावर नाव आणि जन्मसाल कोरून घेतो. मग राहतो तेवढा चिनी मातीवरचा अंडाकृती फोटो. तो जिवंतपणीच काढून ठेवायचा, अंगावर बरे कपडे आणि तोंडात दात असताना. मागाहून मुलं काय, कुठलाही लावतात. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापलेला, कानाशी दुसऱ्याचा खांदा चिकटलेला.

ती तशीच कोस्टिनच्या दुकानात गेली. तालुक्यात कॅमेऱ्याचं सामान मिळणारं ते एकच दुकान, आणि कोस्टिन तिचा शाळेपासूनचा.

"ही बघ, पाठीवरची," तो म्हणाला. "दोन्ही खांद्यांवर सारखं ओझं."

"आणि लेन्स बदलायची झाली तर?"

"उतरवायची, ठेवायची, उघडायची."

"तोवर म्हातारबाबा झोपून जातात रे. मग चिडक्या चेहऱ्यानं कायमचे क्रॉसवर."

"बरं, ही चाकांची घे."

"पोयेनीच्या चढावर? तिथे बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात."

"मग ही कमरेला बांधायची."

"कमर दाखव आधी, मग बांधते."

"हे तूच बोललीस, मी नाही," कोस्टिन म्हणाला आणि अजून चार बॅगा खाली काढल्या. स्मरांदानं एकेक खांद्याला लावून बघितली. कुठे पट्टा रुतत होता, कुठे कप्पे इतके की त्यात स्वतःचा हात हरवावा. एक घडीची काळी तिला जरा बरी वाटली. ती बाजूला ठेवून ती म्हणाली, "हिचा विचार करते."

"त्यापेक्षा हारालांबची मिळाली तर बघ," कोस्टिन म्हणाला. "तसली बॅग आता कुणी शिवत नाही. उद्या चाळीस दिवस होतायत त्याला जाऊन. पारास्किवा मावशी त्याच्या वस्तू देणार असेल."

हारालांब म्हणजे स्मरांदाच्या आधीचा फोटोवाला. साती गावांतल्या क्रॉसांवरचे निम्मे चेहरे त्याचेच. ताडमाड उंच, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी, आणि खांद्याला ती तपकिरी कॅनव्हासची बॅग. लहानपणी स्मरांदा त्याला बघून दाराआड लपायची.

२

शनिवारी हारालांबच्या बायकोच्या, पारास्किवाच्या अंगणात टेबलं मांडली होती. वस्तू वाटून झाल्या होत्या. हारालांबचा कोट धाकट्या भावाला, बूट घंटा वाजवणाऱ्याला, वस्तऱ्याची पेटी न्हाव्याला. तो तिकडे उघडाबागडा राहू नये, त्याच्या वस्तू त्याला मिळाव्यात, म्हणून त्या इथे जित्या माणसांच्या हातात द्यायच्या. देताना वर वेणीसारखी गुंफलेली भाकरी आणि पेटलेली मेणबत्ती. घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. एकच शब्द म्हणायचा, बोगदाप्रोस्ते, म्हणजे देव गेलेल्याला क्षमा करो. तो म्हटला की वस्तू पोचली. त्या गावांतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

बॅग शेवटी राहिली होती. पारास्किवानं ती दोन्ही हातांनी बाहेर आणली. आतून जाड लोकरी नमद्याचे कप्पे, तिनं स्वतः शिवलेले. वर रुंद चामडी पट्टा. आणि मागच्या टोकाला एक छोटा चामडी फास, हात घालता येईल एवढा, वापरून वापरून काळा गुळगुळीत झालेला.

"हा कशाला, मावशी?"

"तो माझा," पारास्किवा म्हणाली. "खांद्यावर त्यांनी घ्यायची, मागचं टोक मी धरायचं. चढावर एकट्याचं काम नाही ते. एक्केचाळीस वर्षं धरलं." तिनं भाकरी बॅगेवर ठेवली, मेणबत्ती पेटवली आणि पुढे केली. "घे पोरी. हारालांबसाठी."

स्मरांदानं बॅग खांद्याला लावून बघितली. पट्टा रुतला नाही. उंची बरोबर कमरेशी आली. कप्पे उघडमीट करून पाहिले. तिच्या डोक्यात कोस्टिनचं दुकान अजून चालूच होतं. ती घडीची काळी, तिचे कप्पे, तिचं वजन.

"छान आहे हो," ती म्हणाली. "असं करते, आठवडाभर वापरून बघते. नाही जमली तर आणून देईन."

टेबलाशी बसलेल्या बायकांचं बोलणं थांबलं. पारास्किवाचे हात तसेच पुढे राहिले. मेणबत्तीचं मेण तिच्या अंगठ्यावर ओघळलं तरी तिनं हात मागे घेतला नाही. मग कुणीतरी सुपाचं विचारलं, भांडी वाजली, आणि स्मरांदा भाकरी काखेत मारून निघाली. मेणबत्ती तिथेच राहिली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात रस्त्यावर आलं, आणि तिनं जीभ चावली. परत जावंसं वाटलं, पण लाजही वाटली. पुढच्या शनिवारी घेऊच की नीट, असं तिनं ठरवलं.

३

सोमवारी तिनं बॅग भरली. दोन कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, पाठीमागे लावायची पांढरी चादर. बसमधून पोयेनीच्या फाट्याला उतरली आणि चढाला लागली. इलारिओन आजोबांचं घर अगदी वर, त्यामुळे तीन ठिकाणी थांबून खांदा चोळायचा हे ठरलेलं. पहिलं ठिकाण अक्रोडाचं झाड. ते मागे पडलं तरी ती चालतच होती. दुसरं पाण्याचं टाकं, तेही गेलं. वर पोचली तेव्हा तिला दम लागला नव्हता आणि खांदा दुखत नव्हता. पट्टा खांद्यावर आहे की नाही हे तिनं हात लावून पाहिलं. होता.

पट्टा रुंद आहे, ओझं पसरतं, असं तिनं मनाशी म्हटलं. जुन्या माणसांचं शिवणकाम!

इलारिओन आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी टेबलावर आलुबुखाराच्या दारूसाठी पेले मांडले. एक, दोन, तीन.

"तिसरा कुणाला, आजोबा?"

"का, ते नाही घेत?"

"कोण?"

आजोबांनी हनुवटीनं तिच्या उजव्या बाजूला खूण केली. तिथे भिंत होती, खुंटीला लांब कोट लटकत होता. स्मरांदा हसली. "तो कोट आहे, आजोबा."

"असेल," आजोबा म्हणाले, पण पेला त्यांनी उचलला नाही. उलट त्यातही दारू ओतली.

तिनं चादर लावली, त्यांना बसवलं, बॅग खांद्यावर तशीच ठेवून लेन्स बदलली. "इकडे बघा. काचेत."

"बघतोच आहे की."

"माझ्याकडे नको, काचेत."

"अगं, तुझ्याकडे कोण बघतंय," आजोबा म्हणाले आणि खुदकन हसले. निघताना तिनं कोटाकडे पुन्हा नजर टाकली. तो जिथे होता तिथेच होता.

मंगळवारी खालच्या गावात दोम्निकाबाईंकडे जायचं होतं. पोस्टातून निवृत्त झालेली, सहासष्टची, करड्या नजरेची बाई. तिसऱ्या फोटोनंतर त्या म्हणाल्या, "तुमच्या माणसाला जरा पलीकडे जायला सांगता का? मला अवघडल्यासारखं होतं." कुंपणापाशी शेजारी उभा होता. स्मरांदानं त्याला हात करून जायला सांगितलं, तो गेला. तरी दोम्निकाबाईंच्या कपाळावरची आठी गेली नाही.

४

बुधवारी दुपारी तिनं फोटो संगणकावर घेतले. चहा शेजारी, खिडकीतून ऊन, खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं.

इलारिओन आजोबांचे चौदा फोटो. चौदाही बाद. आजोबा लेन्सकडे बघतच नव्हते. नजर जराशी उजवीकडे आणि वर गेलेली. मोतीबिंदू, दुसरं काय. ती दोम्निकाबाईंच्या फोटोंवर आली. पहिला, दुसरा, तिसरा. शेजारी गेल्यानंतरचा चौथा, पाचवा. सगळ्यांत तीच नजर, जराशी उजवीकडे, वर. कुंपण त्या बाजूला नव्हतंच, ते डावीकडे होतं.

स्मरांदानं आजोबांचा एक फोटो आणि बाईंचा एक शेजारी शेजारी लावला. वेगवेगळी गावं, वेगवेगळी माणसं, आणि नजर नेमकी एकाच जागी. तिच्या उजव्या खांद्याच्या बाहेर हातभर अंतरावर, तिच्या डोक्याच्या वीतभर वर. अंगणात पाहुणा उभा असावा आणि त्याला बसा म्हणायचं राहून गेलं असावं, तसे दोघांचे चेहरे.

ती उठली. बॅग स्वयंपाकघरात नेली आणि बटाटे तोलायच्या काट्याला अडकवली. नऊ किलो चारशे ग्रॅम. काढून खांद्याला लावली. तीन किलो, फार तर साडेतीन. पुन्हा काट्याला. नऊ चारशे. काटा बरोबर आहे का हे बघायला तिनं साखरेची पिशवी अडकवली. एक किलो, चोख.

आता कुणी म्हणेल, तेव्हाच नेऊन द्यायची होती. स्मरांदाही तेच म्हणत होती. पण त्याच दिवशी सकाळी आरशासमोर तिनं केस विंचरले होते, उजव्या हातानं, दोन वर्षांनी पहिल्यांदा. हात कळ न येता सरळ वर गेला होता आणि तिला रडू आलं होतं. शनिवारपर्यंत बोली आहे, असं ती स्वतःला समजावत राहिली. घाबरलेलं माणूस इतकं लबाड असतं.

गुरुवारी सकाळी आईचा फोन आला. आई, लेओंतिना, चौऱ्याहत्तरची, वाल्या मारे या गावी एकटी राहायची.

"इलारिओन गेला, कळलं का? काल संध्याकाळी. जेवला, ताट बाजूला सारलं आणि गेला. याला म्हणतात मरण."

"अठ्ठ्याऐंशीचे होते ते, आई."

"मग मी कुठे काय म्हणते? तू त्याचा फोटो काढलास ना वेळेवर? साऱ्या गावांचे फोटो काढत फिरते, आणि माझीच पोरगी मेली मला टाळते! तुझ्या बापाच्या शेजारी माझ्या क्रॉसला नुसतं भोक आहे. पाखरं घरटं करायला बघतायत त्यात."

"काढू गं."

"दोन वर्षं काढू काढू. शनिवारी ये. सणाच्या आत मला ते भोक बुजवून हवंय. निळा ब्लाउज घालणार आहे. आणि मी दात दाखवून हसणार, पाद्रीबाबा काही म्हणोत."

स्मरांदा हो म्हणाली. तिला तो फोटो कधीच काढायचा नव्हता. तो काढला की आईचं सगळं आवरून झालं असं होईल, एवढं साधं तिचं भय होतं. आता त्यावर दुसरं भय येऊन बसलं. आईनं त्या जागेकडे बघितलं तर?

५

शुक्रवारी बसथांब्यावर दोम्निकाबाई दिसल्या, धडधाकट, ड्रायव्हरशी भांडत. स्मरांदाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे म्हातारा म्हातारपणानं गेला आणि नजरेचं काय, लोकांना फोटोत बघायचं कळत नाही. तिनं स्वतःलाच चार शब्द सुनावले.

काम आटपून ती शाळेच्या बाजूनं परत येत होती. चार वाजले असतील. ऑक्टोबरातलं ऊन समोरून तिरपं येत होतं. वळणावर ती फिरली आणि शाळेची लांबलचक पांढरी भिंत तिच्या बाजूला आली. भिंतीवर तिची सावली चालू लागली.

आधी तिला फक्त काहीतरी विचित्र वाटलं. रोजची सावली, रोजचा स्कार्फ, डुलणारी चाल. मग तिनं बॅग बघितली. ती कमरेला टेकलेली नव्हती. सावलीतली बॅग अंगापासून लांब, मागे, आडवी, जमिनीशी समांतर होती. आणि पट्टा तिच्या खांद्यापासून बॅगेपर्यंत सैल पडून झोका खात होता. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा.

बॅगेच्या मागच्या टोकापलीकडे भिंत नुसती पांढरी होती. तिथे कुणाचीच सावली नव्हती.

स्मरांदा थांबली. सावली थांबली. बॅग थांबली नाही लगेच. ती बोटभर पुढे आली, मागून चालणाऱ्याच्या लक्षात यायला क्षणभर लागावा तशी, आणि मग थांबली.

तिनं मान वळवली नाही. उजव्या बाजूला बघायचं नाही एवढंच तिला कळत होतं. शाळेत मुलं पाढे म्हणत होती. तिनं पट्टा डोक्यावरून काढला, बॅग छातीशी दोन्ही हातांनी कवटाळली आणि धावत सुटली. ते ओझं कवटाळूनही हलकंच होतं. घरी येऊन तिनं बॅग बाल्कनीत ठेवली, दार लावलं, आणि त्या बाजूचा दिवा दुसऱ्या दिवसापर्यंत विझवला नाही.

६

शनिवारी सकाळी आठला ती पारास्किवाच्या फाटकात उभी होती. आत सफरचंदं सोलायचा वास येत होता. तिनं हाक मारली.

पारास्किवा हात पुसत बाहेर आली. पायरीवर तिचे पाय थबकले. ती स्मरांदाकडे बघत नव्हती. स्मरांदाच्या उजव्या खांद्याबाहेर, जरा वर, बघत होती. तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला, आणि मग कपाळाला आठी पडली, फक्त नवऱ्यासाठी राखून ठेवलेली.

"टोपी कुठे टाकलीत?" ती म्हणाली.

स्मरांदाच्या अंगावर सरसरून काटा आला. ती कशीबशी म्हणाली, "मावशी, माझं चुकलं. दुकानात उभी असल्यासारखी बोलले मी."

"चुकलंच." पारास्किवा आता तिच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. "वापरून बघते म्हणे! माणूस काय उंबऱ्यावर उभं करून ठेवायची वस्तू आहे? आठ दिवस झोप नाही मला. फाटक वाजतं, आत कुणी येत नाही."

"आता घेते नीट."

पारास्किवा आत जाऊन मेणबत्ती आणि भाकरी घेऊन आली. बॅग तिनं स्मरांदाकडून काढून घेतली, भाकरी वर ठेवली, मेणबत्ती पेटवली आणि पुन्हा पुढे केली. दिवसाच्या उजेडात ज्योत धड दिसतही नव्हती. "हारालांबसाठी," ती म्हणाली.

"बोगदाप्रोस्ते."

ओझं असं आलं की स्मरांदा गुडघ्यात वाकली. नऊ किलो चारशे ग्रॅम, एकेक ग्रॅम खरा. पट्टा खांद्यात रुतला, कळ मानेपर्यंत गेली आणि ती मोठ्यानं हसली. पारास्किवा पायरीवर बसून रडत होती, तीही हसली. "जड आहे ना?" तिनं विचारलं. "जड आहे, मावशी, फार जड आहे!" स्मरांदा म्हणाली. दोघींनी मिळून अर्धी भाकरी खाल्ली. मेणबत्ती तिनं या वेळी बरोबर घेतली.

७

वाल्या मारेला उतरल्यावर आईच्या घरापर्यंत चढाव छोटा आहे, पण स्मरांदा तीन वेळा थांबली. दर वेळी खांदा चोळताना तिला बरं वाटत होतं. उद्या कोस्टिनकडे जाऊन ती घडीची काळी घेऊ, हिला कपाटात ठेवू, असा तिनं विचार केला.

आई फाटकातच होती, निळ्या ब्लाउजमध्ये, पायात ठेवणीतले काळे बूट. स्मरांदाचा चेहरा बघून ती पुढे आली.

"अगं, काय हे, गाढवासारखी लादून आलीस! दे इकडे."

"राहू दे आई, जड आहे."

"मग जड आहे म्हणूनच म्हणते ना. तू खांद्यावर घे, मी मागून धरते." आणि तिनं मागच्या फासात हात घातला. स्मरांदाला क्षणभर कसंसंच झालं. पण हे आईचे हात होते, ओले, कांद्याचा वास येणारे, आणि पाठीमागून आईची बडबड चालू होती. "बरी सोय आहे ही. कुणी शिवली? हलकी तर आहे, उगीच नखरे तुझे." दोघींनी मिळून बॅग अंगण ओलांडून ओसरीवर ठेवली.

फोटो काढताना स्मरांदानं बॅग खांद्याला लावली नाही. चादर दोरीवर टाकली, खुर्ची उन्हात ठेवली, आई बसली. हातात फक्त कॅमेरा. तिनं काचेतून बघितलं. आई थेट लेन्समध्ये बघत होती. थेट, दोन्ही डोळ्यांनी, आणि दात दाखवून हसत होती.

"अशीच राहा."

"राहते की. कुठे जाते?"

स्मरांदानं नऊ फोटो काढले आणि तिथेच उभ्या उभ्या तपासले. नवाच्या नऊ फोटोंत आई तिच्याकडे बघत होती. तिनं कॅमेरा खाली केला, जाऊन आईच्या गालाचा मुका घेतला आणि इतके दिवस टाळलं म्हणून माफी मागितली. आईनं तिला ढकललं. "पुरे गं, केस विसकटतील. बस येईल तुझी, जा. मी बसते इथेच जरा, ऊन बरं वाटतंय."

"चादर?"

"मी काढते मागनं. जा तू."

स्मरांदा ओसरीवर गेली, कॅमेरा कप्प्यात ठेवला, झाकण लावलं. पट्टा खांद्याला लावायच्या आधी तिनं दात आवळले. कळ आली, खरी, ओळखीची. ती अंगण उतरू लागली. कोंबड्या बाजूला झाल्या. ती फाटकापाशी आली, कडीला हात लावला, आणि ओझं उचललं गेलं.

मागून, हलकेच. आधी उचललं जायचं तसं उंचावरून नाही. खालून, कमरेच्या उंचीवरून, बुटक्या माणसानं हात लावावा तसं.

"आई, राहू दे गं," स्मरांदा हसून म्हणाली. "मी नेते."

ती वळली.

आई खुर्चीतच होती, वीस पावलं दूर, पांढऱ्या चादरीसमोर. हात मांडीवर, दात दिसत होते, आणि डोळे मघाशी जिथे कॅमेरा होता त्या रिकाम्या जागेवर. वाऱ्यानं गळ्यातल्या रुमालाचं टोक तिच्या तोंडावर आलं आणि तिथेच राहिलं. एक कोंबडी तिच्या ठेवणीतल्या बुटावर चढून नाडी ओढत होती, आणि आई तिला हाकलत नव्हती.

"आई?" स्मरांदा म्हणाली.

तिला धावत जायचं होतं. त्यासाठी बॅग खाली टाकायला हवी होती, आणि पट्ट्याकडे गेलेला तिचा हात तिथेच थांबला. खांदा जराही दुखत नव्हता. मागून कुणीतरी ओझं सांभाळून धरलं होतं, आपल्या माणसाला लागू नये अशा बेतानं, आणि ते खाली ठेवायचं तिला धाडस होईना.